बूच बुडेपर्यंत

शनिवारचा शेवटचा माणूस बसचालक होता. निवृत्त झालेला, जाडजूड, खुर्चीत बसल्यावर दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगच्या उंचीवर येणारा. त्याच्या मुलीनं त्याला जवळजवळ ढकलतच दवाखान्यात आणलं होतं, कारण घरात टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन भांडून गेले होते. काचेपलीकडच्या जाड दाराच्या छोट्या खोलीत तो हेडफोन लावून बसला, हातात बटण घेतलं, आणि कान तपासणाऱ्यानं नेहमीचं वाक्य म्हटलं, "आवाज कितीही बारीक असला, आहे की नाही अशी शंका आली, तरी दाबायचं." मग काम सुरू झालं. कामाचे नियम साधे होते. आवाज ठरावीक अंतरानं द्यायचा नाही, नाहीतर माणूस तालावर बटण दाबत सुटतो. यंत्रावरचा हात पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवायचा. आवाज देताना मान वर करायची नाही, खांदा हलू द्यायचा नाही, भुवई तर नाहीच नाही. कमी ऐकणारी माणसं भलती हुशार असतात. कानांतून निसटलेलं डोळ्यांनी वेचून घेतात आणि खोटीच पास होतात. एकदा बटण दाबलं गेलं तर तो योगायोग धरायचा, त्याच आवाजाला पुन्हा दाबलं गेलं तर खरं. एवढं पुरतं. पण हा कान तपासणारा गृहस्थ स्वतःच्या समाधानासाठी तोच आवाज तिसऱ्यांदा द्यायचा, आणि त्यामुळे त्याच्या खोलीबाहेरची रांग कायम लांबलेली असायची. दवाखान्यात सगळे त्याला 'कानवाले' म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि आता त्यालाही ते नाव आपलंच वाटायला लागलं होतं.

तपासणी संपली. बसचालक बाहेर येऊन कपाळ पुसत म्हणाला, "साहेब, एक विचारू का? जन्मभर आरशात बघून मी सांगायचो, मागच्या बाकावरचा कोण फुकट्या आहे ते. कंडक्टरला कळायच्या आत मला कळायचं. आज आत बसून काचेतून तुमच्याकडे टक लावून बघत होतो, म्हटलं तोंडावरून अंदाज घेऊ. पण कळायचं नाव नाही! तोंडावरची माशीसुद्धा हलत नाही तुमच्या. घरच्यांना तरी लागतो का हो काही पत्ता?" त्याची मुलगी ओशाळून "बाबा, चला आता" म्हणाली. कानवाल्यानं कागद घडी घालून तिच्या हातात दिला आणि सांगितलं की डाव्या कानाला बारीक आवाज कमी येतात, बाकी डॉक्टर समजावतील. बसचालक खो खो हसला. "बघा, आत्तासुद्धा काही कळलं नाही," म्हणाला, आणि दारातून बाहेर जाताना त्यानं कानवाल्याच्या पाठीवर एक थाप दिली, ड्यूटी संपलेला माणूस ड्यूटीवर निघालेल्याला देतो तशी.

त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. लोक येता-जाता काहीबाही बोलतात. यंत्रावर कापड घालताना, खोलीतला दिवा मालवताना, बसथांब्यावर उभं असताना त्यानं स्वतःला हे समजावलं. पण घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण न्हाणीघरातल्या आरशासमोर मघापासून उभे आहोत. आरशात एक चेहरा होता. पन्नाशीकडे झुकलेला, नीट दाढी केलेला, तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. त्यानं मनात म्हणून पाहिलं, माझी बायको गेले सहा महिने दुसऱ्या गावात राहते आणि मला ती इथे हवी आहे. चेहरा तसाच राहिला. त्याला तिची आठवण येत होती. सरळ सांगायचं तर फार येत होती, विशेषतः ह्या खोलीत, जिथे तिचा अर्धा राहिलेला शांपू अजून कोनाड्यात होता आणि फरशी पुसताना तो दर वेळी उचलून पुन्हा तिथेच ठेवत होता. हे सगळं आत चाललेलं होतं. आरशातल्या माणसाला मात्र कोणीतरी वेळ विचारली असावी आणि तो घड्याळाकडे बघणार असावा, इतपतच काय ते दिसत होतं.

रविवारी सकाळी सासरे खाली येऊन हाका मारू लागले. बेल वाजवायची सोडून रस्त्यावरून हाका मारायची त्यांची रीत होती. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात उतरून वरच्या माणसाशी बोलावं लागल्यामुळे गळा मोकळा होता. "जावईबापू! ऊन चढायला लागलं! मासे काय तुमच्यासाठी थांबणारेत?" दोघं निघाले. गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती, काम केव्हाच बंद पडलेलं. कालव्याचं पाणी झिरपून तिचं तळं झालं होतं, आणि त्यात कोणी कधी कोणते मासे सोडले ह्याचा कोणालाच पत्ता नव्हता. सासऱ्यांना हेच आवडायचं. त्याची बायको दुसऱ्या गावी गेली त्याच्या पुढच्याच रविवारी ते दोन गळकाठ्या घेऊन दारात उभे राहिले होते. "जन्मभर लोकांना वर-खाली नेलं," म्हणाले, "आता जरा पाण्याकाठी बूड टेकून बसावं म्हणतो. एकट्याला कंटाळा येतो, तुम्ही चला." मासेमारीतलं दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले होते आणि त्या बळावर ते गुरू झाले होते. पहिल्या दिवशी त्यांनी गळाचा तंगूस इतका गुंतवला की शेवटी तो नायलॉनचा सगळा गुंता कापून टाकावा लागला. दुसऱ्या खेपेला गळ मागच्या झुडपात अडकला आणि त्यांनी मोठा मासा लागला म्हणून आरोळी ठोकली. पण त्यांचा एक हट्ट होता. मासा लहान असो, मोठा असो, नवीन पाहिजे. तोच तोच मासा पुन्हा लागला की ते हिरमुसले होऊन म्हणत, "हा आपल्या ओळखीचा आहे, सोडा त्याला." सगळेच सोडायचे असत. दोघांपैकी कोणाला मासे खायची आवड नव्हती.

मुलगी घर सोडून दुसऱ्या गावी गेली ह्याबद्दल सासऱ्यांनी एका शब्दानं त्याला विचारलं नव्हतं. ना रागानं, ना समजुतीनं. ते फक्त दर रविवारी येत राहिले. सुरुवातीला त्याला वाटलं, हा म्हातारा पाळतीवर आहे. मग वाटलं, कीव करतोय. पुढे पुढे काहीच वाटेनासं झालं, आणि एका रविवारी त्यांना ताप आला म्हणून ते आले नाहीत, तेव्हा हा सकाळभर खिडकीत उभा राहून रस्त्याकडे बघत होता.

आज पाणी हिरवट आणि गप्प होतं. त्यानं कणकेची गोळी गळाला लावली, टाकली, आणि लाल रंगाचं बूच पाण्यावर उभं राहिलं. तंगूस त्यानं उजव्या हाताच्या बोटावरून घेतला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा मासा लागला तेव्हा आपोआप झालं होतं. ती चिलापी होती, तळहाताएवढी, पाठीवर काटे उभारलेली. पण दिसायच्या आधी ती बोटाला कळली होती. कुठूनतरी खालून, अंधारातून एक बारीकशी टोच आली होती, आहे की नाही अशी शंका यावी इतकी. आणि तो थरारला होता. तपासणीच्या खोलीत एवढी वर्षं तो काचेच्या अलीकडे बसत आला होता, दुसऱ्यांना बारीक आवाज पाठवत, ते कधी ओळखतात ह्याची वाट बघत. इथे तो पलीकडच्या खुर्चीत होता. इथे कोणीतरी त्याला खूण पाठवत होतं. त्या दिवशी सासरे नाचायचेच बाकी राहिले होते आणि तो चिलापीचा गळ काढत शांतपणे म्हणाला होता, "लागला वाटतं." घरी गेल्यावरही बोटाच्या पेरात ती टोच शिल्लक होती, आणि झोपताना त्यानं ते बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. हे बायकोला सांगावं असं त्याला तीव्रतेनं वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, एक मासा लागला?

मग एकेक नवीन मासा येत गेला. रोहूचं पोर, जे गळ तोंडात घेऊन सरळ खाली जातं आणि बूच शहाण्यासारखं बुडतं. वाम, सापासारखी, जी ओढत नाहीच. नुसतं वजन वाढतं, आणि वर काढली की मनगटाला वेटोळे घालते. मरळ तर गळाला लावलेल्या बेडकीवर झेपावली तेव्हा सासरे घाबरून मागे पडले होते. प्रत्येकाची खूण वेगळी होती आणि ती त्याला बोटानं पाठ होत चालली होती. संध्याकाळी सासरे मुलीला फोन लावत, आमिषाचा डबा उपडा घालून त्यावर फोन ठेवत, आवाज मोठा करत आणि म्हणत, "घे, आजचा मासा ऐक." मग ती विचारायची, "आज कोणता?" आणि तो सांगायचा. खवले मोठे, रंग करडा, शेपटीला जरा तांबूसपणा, वरचा ओठ जाड. ती ऐकून घ्यायची. शेवटी विचारायची, "आणि तू?" तो म्हणायचा, "मी ठीक." एकदा ती म्हणाली होती, "माशांचं किती बारकाईनं सांगतोस रे." सासऱ्यांनी फोन उचलून विचारलं होतं की तिकडे पाणी वेळेवर येतं का.

तिचं काम बसगाड्यांची वेळापत्रकं लावायचं. कुठली गाडी कुठे कितीला पोचेल, कोणती कोणासाठी थांबेल. तिकडच्या गावात नवं आगार झालं, तेव्हा तिला विचारलं गेलं. आधी सहा महिने, मग हवं तर कायमचं. हे तिनं त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती केस पुसत होती. टॉवेल खांद्यावर टाकून, मान एका बाजूला कलती करून म्हणाली, "तुला काय वाटतं? जाऊ का?" जिना उतरताना एक पायरी नसावी तसं त्याला झालं होतं, ते त्याला आजही जसंच्या तसं आठवत होतं. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि पुन्हा केस पुसायला लागली. मग काही दिवसांनी, बाहेर जायला निघालेली, एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दारात थांबली. "मी गेले तर तुझी काही अडचण होईल?" तो म्हणाला, "अडचण कसली." हे त्यानं चांगुलपणानं म्हटलं होतं, तिच्या वाटेत आपली अडचण कशाला, म्हणून. आणि आपण चांगलं वागलो असं त्याला तेव्हा वाटलंही होतं. ती पुन्हा विचारील अशी त्याची खात्री होती. तिसऱ्यांदा विचारलं की सांगू, असं त्यानं आतल्या आत ठरवून टाकलं होतं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही. दुसरी चप्पल पायात घातली आणि गेली, आणि महिनाअखेरीला खरीच गेली.

"कानवाले," सासरे म्हणाले. कधी कधी तेही थट्टेनं तसं म्हणत. "झोपलात का? बूच हलतंय."

बूच हलत होतं. त्यानं बोटाकडे लक्ष दिलं. एक टोच. मग काही नाही. मग पुन्हा एक. तो थांबला. सासरे अस्वस्थ होऊन उठले. "अहो, हिसका द्या की! वाट कसली बघताय, आमंत्रण पाठवू का त्याला?" तो थांबलाच, आणि तंगूस सैल पडला. गोळी खाऊन मासा निघून गेला होता. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "शिंगाळ्याच्या वेळी काय झालं ते विसरलात वाटतं," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते लगेच वळून स्वतःच्या काठीशी खुडबुड करायला लागले.

तो विसरला नव्हता. दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. गांडूळ लावलं होतं, आणि टोच आली ती जड, ठाम. एकदा आली, दुसऱ्यांदा आली. त्याला कळलं होतं की हे काहीतरी नवीन आहे. तरी तो तिसरीसाठी थांबला, सवयीनं, चूक नको म्हणून. तिसरी आली तेव्हा त्यानं काठी उचलली आणि एक शिंगाळा वर आला, मिशा असलेला, गुळगुळीत, खवल्यांवाचून, पोटाकडे पिवळसर. सुंदर मासा होता. पण ओठात गळ नव्हता. तंगूस थेट तोंडातून आत गेला होता, खोल, पोटात. थांबलेल्या वेळात मासा सगळं गिळून बसला होता. सासरे चार पावलं लांब उभे राहून सूचना करत होते. त्यांची एक गंमत होती, माशाला हात म्हणून लावायचे नाहीत. किळस येते म्हणत, कधी काटा टोचेल म्हणत. गळ काढायचं काम पहिल्या दिवसापासून जावयाचं. त्यानं पक्कड घातली, वाकवून पाहिलं, कितीतरी वेळ प्रयत्न केला. तो शिंगाळा त्याच्या हातात कुरकुरत होता. शिंगाळे आवाज करतात हे त्याला तोवर माहीत नव्हतं. कल्ल्यांजवळून एक बारीक, रखरखीत आवाज येत होता, आणि त्याच्या मनात, लाज वाटावी असं, पहिलं हेच आलं की हा आवाज कोणत्या पट्टीतला आहे आणि किती वयापर्यंतच्या माणसाला ऐकू येईल. शेवटी तंगूस तोंडापाशी कापून त्यानं मासा पाण्यात सोडला. मासा थोडं पोहला, आडवा झाला आणि पांढरं पोट वर करून काठाशी येऊन लागला. त्या संध्याकाळी फोनवर बायकोनं विचारलं, "आज कोणता?" आणि तो म्हणाला, "आज काही नाही."

ऊन डोक्यावर आलं. सासऱ्यांनी डबा उघडला, दोघांनी उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला. बसचालकाचा प्रश्न अजून गेला नव्हता. सबंध सकाळ तो कानाशी डास गुणगुणावा तसा येत-जात राहिला होता. घरच्यांना तरी लागतो का पत्ता. त्याला आई आठवली. आईला कमी ऐकू यायचं. लहानपणी कसलातरी ताप येऊन गेला, त्यात गेलं म्हणायची, आणि त्याबद्दल तिची तक्रार नसायची. वडिलांना मात्र तो एक हुकमी विनोद सापडला होता. पाहुणे जेवायला बसले की ते तिच्या देखत, आवाज न चढवता, तिच्याबद्दल काहीतरी बोलायचे. तिच्या स्वयंपाकाबद्दल, अंगाबद्दल, माहेराबद्दल. पाहुण्यांत हशा पिकायचा. आई वाढता वाढता थांबायची आणि सगळ्यांना सोडून त्याच्याकडे बघायची, सात-आठ वर्षांच्या मुलाकडे, कारण त्याच्या तोंडावर तिला सगळं वाचता यायचं. पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ते उमटलं होतं, आणि आई हातातलं भांडं तिथेच ठेवून आत निघून गेली होती. त्यानंतर तो शिकला. टेबलाच्या लाकडात एक गाठ होती, तिच्याकडे बघायचं, दातांवर दात ठेवायचे नाहीत, कारण त्यानं गाल हलतो, आणि श्वास सावकाश सोडायचा. "काय म्हणाले रे?" आई विचारायची. "भाजी छान झालीय म्हणाले." मग ती खूश होऊन आणखी वाढायची, वडिलांनाच आधी. तिनं खरंच विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, हे त्याला कधी कळलं नाही, आणि आता कळायची सोय नव्हती. तो चेहरा त्यानं तिच्यासाठी घडवला होता. तो पुढे नोकरीत कामाला आला, लोकांनी वाखाणला, आणि ह्या सगळ्या वर्षांत तो उतरवायचा कसा हे शिकायचं मात्र राहून गेलं. बायकोला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, हे त्याला पावाचा शेवटचा तुकडा चघळताना अगदी स्वच्छ कळलं.

सासऱ्यांनी आज दुपारीच फोन काढला. "अजून मासा कुठे लागलाय," तो म्हणाला. "असू दे," सासरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता. डबा उपडा झाला, त्यावर फोन बसला. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग ती आली. "हं, बाबा."

"हे इथेच बसलेत," सासरे म्हणाले. "मला जे सांगितलंस ते ह्यांना सांग. मी मधला निरोप्या होणार नाही." आणि ते उठून आपल्या काठीकडे गेले, पण फार लांब गेले नाहीत.

फोनमध्ये तिच्या मागे कुठेतरी पंखा फिरत होता. पात्याला एक खडखड होती, तेल मागणारी. "मी होकार कळवला," ती म्हणाली. "कायमचं इथे राहायला. शुक्रवारीच कळवला. तुला फोन करणार होते, मग म्हटलं रविवारी बोलूच."

"बरं," तो म्हणाला.

हे त्याच्या तोंडून त्याला न विचारता गेलं. शब्द हवेत गेला आणि त्यानं तो ऐकला, सपाट, स्वच्छ, कुठेही न थरथरलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या आवाजाची भीती वाटली.

"बरं," तीही म्हणाली. "मग ठेवते. बाबांना म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या."

"थांब," तो म्हणाला. फोनकडे वाकून, जणू फोनच निघून चालला होता. "मला ते आवडलेलं नाही."

"काय?"

"तू गेलीस ते. पहिल्यांदा विचारलंस ना, केस पुसत होतीस, तेव्हापासूनच आवडलेलं नाही. माझी अडचण होते. फार अडचण होते. मला तुझ्याशिवाय घरात करमत नाही, तुझा शांपू मी टाकून दिलेला नाही, आणि..." पुढे काय, हे त्याला माहीत नव्हतं. वाक्यं जुळवून न ठेवता तो बोलत होता आणि ती एकावर एक आदळत होती.

पलीकडे पंखा खडखडत राहिला. मग ती बोलली आणि तिचा आवाज चढलेला होता. "मग बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"वाटलं, तू परत विचारशील."

"किती वेळा विचारायचं रे माणसानं! दोनदा विचारलं मी. दोनदा! दारात उभी राहून तुझ्या तोंडाकडे बघत होते, म्हटलं, नुसती भुवई हलली तरी चप्पल काढून ठेवीन. नाही हलली." ती थांबली. "आता काय उपयोग? मी कळवून बसले. आणि खोटं कशाला बोलू, मला इथलं काम आवडतं. मला परत यायचं नाहीये."

हे त्याला लागलं, आणि लागलं तरी बरं वाटलं, कारण ते खरं होतं आणि थेट होतं. तो बघत होता समोरच्या पाण्याकडे, आणि पाण्यात त्याचं लाल बूच निश्चल उभं होतं. तिसऱ्यांदा कोणीही काहीही विचारणार नव्हतं.

"मग मी येतो तिकडे," तो म्हणाला.

"तू? इथे येऊन काय करणार?"

"का, तिकडच्या लोकांना कान नसतात?"

फोनमधून एक आवाज आला. ती हसली की हुंदका होता, ते त्याला कळलं नाही. दिवसभर आवाज मोजणाऱ्या माणसाला त्या एका आवाजाचं काही सांगता आलं नसतं. मग ती म्हणाली, "दवाखाना सोडशील?" तो म्हणाला, "सोडीन." ती म्हणाली, "लगेच नको काही ठरवू. आधी येऊन बघ. माझी खोली लहान आहे, दोघांना पुरणार नाही." मग तिचा आवाज खाली आला. "आणि बाबांचं काय?"

हा प्रश्न त्याच्या ध्यानातच आला नव्हता. त्यानं मान वळवली. सासरे पाठमोरे, पाण्याच्या अगदी काठाला उभे होते, आणि त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. "माझं काय?" ते वळून न बघता लिफ्टच्या खड्ड्यातून बोलावं तसे ओरडले. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला माझं घर आहे, शेजारी आहेत. फोन ठेवा आता, बिल येतंय तिकडे!" बिल कसलं, कोणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ये शनिवारी. बसमध्ये उजवीकडची खिडकी पकड, डावीकडे ऊन लागतं." आणि फोन बंद झाला.

तो तिथेच बसून राहिला. सासऱ्यांजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. सहा महिन्यांत ह्या माणसानं त्याला एकही प्रश्न न विचारता दर रविवारी घरातून बाहेर काढलं होतं, ह्याच दुपारसाठी काढलं होतं, आणि ह्या दुपारनंतर त्याच्याकडे दोन काठ्या आणि एक रिकामा रविवार उरणार होता. "बाबा," तो उठत म्हणाला. "मी म्हणजे, तसं लगेच..."

"गप्प बसा!" सासरे कुजबुजले. "आलाय!"

त्यांची काठी वाकली होती. त्यांनी हिसका दिला, वाजवीपेक्षा जोरात, आणि पाण्यातून काहीतरी चकाकत उडून थेट गवतात येऊन पडलं. छोटासा मासा होता, बोटभर लांब, चपटा, अंगावर निळसर पट्टे आणि एक काळा ठिपका. असला मासा दोघांनी पाहिला नव्हता आणि त्याचं नाव दोघांनाही येत नव्हतं. "नवीन आहे हो," सासरे म्हणाले. "एकदम नवीन." तो सवयीनं पुढे झाला, हात ओले करायला वाकला, आणि सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"मला दाखवा," ते म्हणाले. "गळ कसा काढायचा ते. आता माझा मलाच काढावा लागणार."

ते पाण्याशी उकिडवे बसले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ओले केले, आणि मासा तळव्यावर आला तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मासा धडपडला. त्यांच्या तोंडातून बारीक आवाज आला, पण हात त्यांनी मागे घेतला नाही.

"डोळे उघडा, बाबा," तो म्हणाला.

"नको," सासरे म्हणाले. "असंच सांगा."

त्यानं त्यांचा अंगठा धरला आणि माशाच्या पाठीवरचे काटे मागे दाबत हळूच कल्ल्यांपाशी नेऊन ठेवला.